शंभर टक्के, एक वगळून

शनिवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. घराची मागची खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर माझा सात वर्षांचा लॅपटॉप, आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा असलेला दुरुस्तीवाला. आणि हा गृहस्थ मला काय म्हणतो, तर "साहेब, काळजी सोडा. सगळं येतं त्यात."

सगळं! तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं बातमीदारी केली मी. 'सगळं' म्हणणारा माणूस भेटला की पहिला प्रश्न विचारायचा, सगळं म्हणजे काय काय? हे मीच शिकवतो नव्या वार्ताहरांना. मंत्री म्हणाला सगळ्यांना घरं दिली, की म्हणायचं, यादी दाखवा. अधिकारी म्हणाला सगळी औषधं आहेत, की म्हणायचं, कपाट उघडा. आणि मी... मी त्या दुरुस्तीवाल्याला काय विचारलं? चहा घेणार का, हे विचारलं.

थांबा, आधी भानगड काय होती ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, लॅपटॉप बिघडला तर बिघडला, त्यात एवढा आरडाओरडा कशाला. तर आमच्या गावाच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे. निम्मं गाव तिचं पाणी पितं, मी पितो, माझी आई पिते, संपादक पितात. त्या टाकीला झाकण नाही. म्हणजे होतं, दोन वर्षांपूर्वी वादळात उडालं, ते गेलं ते गेलंच. मी स्वतः चढलो त्या शिडीवरून, सत्तावन्न वर्षांचा माणूस, एकेका पायरीला गुडघे कुरकुरतायत, वर गेलो आणि वाकून आत बघितलं. पाला होता, पिसं होती, एक प्लास्टिकचा चेंडू होता, एक चप्पल होती, डाव्या पायाची, आणि कडेला एक कबूतर होतं, ते पोहत नव्हतं.

मग पाणीखात्याच्या प्रमुखांना फोन लावला. आम्ही त्यांना पाणीसाहेब म्हणतो. नऊ मिनिटं बोलले. पाच मिनिटं स्वतःच्या पाठदुखीवर बोलले, पण सहाव्या मिनिटाला वैतागले आणि म्हणाले, "अहो, झाकण नाही हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे, पण मला काय तेवढं एकच काम आहे का?" झालं. रेकॉर्ड केलं होतं, छापलं. गुरुवारी, पहिल्या पानावर, माझ्या नावानिशी. शुक्रवारी त्यांच्या वकिलाची नोटीस. साहेब असं बोललेच नाहीत. झाकण गेल्याच आठवड्यात दुरुस्तीला काढलंय, बातमी खोडसाळ आहे, सोमवारी अकरा वाजता संपादकांच्या खोलीत रेकॉर्डिंग ऐकवा, नाहीतर पहिल्या पानावर माफी छापा.

माफी! बत्तीस वर्षांत माझ्या बातमीवर माफी छापलेली नाही हो. एकदा चूक दुरुस्त करून छापली होती, तीसुद्धा छपाईत फोटो उलटा लागला म्हणून.

आता ते रेकॉर्डिंग कुठे होतं? त्या लॅपटॉपमध्ये. फक्त त्या लॅपटॉपमध्ये. कारण माझी पद्धत अशी की रेकॉर्डरवरून लॅपटॉपवर उतरवलं की रेकॉर्डर पुसायचा. रेकॉर्डर खिशातून पडतो, टेबलावर राहतो, कोणी उचलून ऐकतो. आणि त्या पाणीसाहेबांच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये, दुसरा एक आवाज होता. टाकीवर रोज पहाटे पाणी सोडणारा वॉल्व्हवाला. त्यानेच मला शिडी दाखवली. झाकण बसवा म्हणून त्याने दोन वर्षांत तीन अर्ज लिहिले होते, स्वतःच्या हाताने, आणि तिन्ही साहेबांच्या टेबलावर ठेवून आला होता. मला म्हणाला, "साहेब, माझं नाव कुठं यायला नको. घरात सहा तोंडं आहेत." मी शब्द दिला. शब्द दिला म्हणजे दिला, त्यात पुन्हा बोलायचं नाही.

म्हणून तो फोल्डर मी लपवून ठेवला होता. आणि कुठे लपवला होता, ते ऐका, कारण या गोष्टीचा मला अभिमान होता. 'होता' म्हणतोय, लक्षात घ्या. लोक काय करतात, गुप्त फोल्डरला कुलूप लावतात, किंवा वर 'खाजगी' असं लिहितात, म्हणजे चोराला पाटीच लावून दिली. मी त्याचं नाव ठेवलं होतं 'टेम्प'. इंग्रजीत. टेम्प म्हणजे तात्पुरतं, म्हणजे कॉम्प्युटरचा केरकचरा, म्हणजे कोण बघतंय! पंधरा वर्षं मी प्रशिक्षण वर्गात हेच सांगत आलोय, मुलांनो, जपायचं असेल ते केरात ठेवा, केरात कोणी हात घालत नाही. मुलं वहीत लिहून घ्यायची. टाळ्या पण वाजवायची कधीकधी.

तर शनिवारी सकाळी लॅपटॉपमधून आवाज यायला लागला. दाढेत खडा आल्यासारखा. कर्र... कर्र... थांब... कर्र. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवतो आणि कॉम्प्युटरला पेशंट म्हणतो. त्याने लॅपटॉपला कान लावला, डोळे मिटले, आणि मान हलवली. सिनेमात बाहेर नातेवाईक उभे असतात ना, तशी. म्हणाला, डिस्क चालली, आज जाईल नाहीतर उद्या. आत्ताच्या आत्ता बॅकअप घ्या, मग मी नवी डिस्क घालतो, पेशंट ठणठणीत.

मी पेन ड्राइव्ह काढला. तो म्हणाला, कुठे लावताय? बरोबर होतं त्याचं. निकालाच्या दिवशी, मागच्या निवडणुकीत, मी कपभर चहा त्या भोकांवर सांडला होता, तेव्हापासून चार्जरचं सोडून एकही भोक जिवंत नाही. वायर लावायचा रस्ताच बंद. उरला काय, वायफाय. डॉक्टरने पिशवीतून एक काळी पेटी काढली, पावाच्या अर्ध्या लादीएवढी, ती पुढच्या खोलीत राउटरला जोडली, लॅपटॉपवर चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "हवेतून जाईल. तुम्ही हातसुद्धा लावू नका. सगळं येतं त्यात."

दारात बायको उभी होती. ती बँकेत आहे, कमी बोलते, आणि जे बोलते ते नेमकं मला नको असतं. म्हणाली, "अहो, आधी तेवढं एक रेकॉर्डिंग स्वतःला मेल करून ठेवा ना."

काय चूक होतं त्यात? सांगा मला. काहीही चूक नव्हतं! नऊ मिनिटांची एक फाइल. दोन मिनिटांत गेली असती. आणि मी तिला काय ऐकवलं... मी तिला व्याख्यान दिलं. की पुरावा मेलने पाठवायचा नसतो, मेल चार ठिकाणी राहतो, बातमीदाराचा पहिला धर्म म्हणजे माणूस जपणे, आणि शिवाय, हे मी डॉक्टरकडे बोट दाखवून म्हणालो, शिवाय सगळं येतंय त्यात. ती बरं म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात तिचं 'बरं' ज्या ज्या वेळी आलंय, त्या त्या वेळी पुढे काहीतरी झालंय, पण शिकतो कोण?

सुरू झालं. पडद्यावर पट्टी आली, खाली अक्षरं आली, शिल्लक वेळ नऊ तास. बरं. मी पाणी पिऊन आलो, शिल्लक वेळ तीन दिवस. मी मटकन बसलो, शिल्लक वेळ चाळीस मिनिटं. अहो, हा आकडा कोण देतं? कुठल्या खात्यातून येतो? मी पूर पाहिलेत, दंगली पाहिल्यात, नुकसानीचे सरकारी आकडे पाहिलेत, पण तेसुद्धा दिवसाला एकदाच बदलतात हो! इथे डोळ्यांची पापणी लवली की नवं निवेदन.

आणि सहा टक्क्यांवर जे अडलं ते हलेना. डॉक्टरला फोन केला, तो म्हणाला, राउटर पुढच्या खोलीत, तुम्ही मागच्या खोलीत, मध्ये दोन भिंती, लाटा पोचत नाहीत, जवळ जा. आता राउटरजवळ आईचा पलंग आहे, तिथे बसलो तर आई बोलते. म्हणून लॅपटॉप हातात धरून मी घरभर फिरलो, रांगत्या पोराला फिरवावं तसा, कुठे तो हसतो ते बघत. स्वयंपाकघरात दोन रेघा. खिडकीत एक. आणि जिथे चारच्या चार रेघा भरल्या, ती जागा कोणती? बाथरूमचं दार. बरोबर उंबऱ्यात. एक फूट इकडे नाही, एक फूट तिकडे नाही.

मी तिथे स्टूल टाकलं. लॅपटॉपची बॅटरी पाच-दहा मिनिटांच्या वर टिकत नाही, म्हणून वायर आडवी ताणून बोळापर्यंत आणली, आणि बसलो. घरात चार माणसं, बाथरूम एक. प्रत्येकाला माझ्या मांडीवरून पाय टाकून जायचं. मुलगी म्हणाली, बाबा, हे टोलनाक्यासारखं वाटतंय. आई काठी टेकत आली आणि उभी राहिली. म्हणाली, "अरे, मला आत जायचंय आणि तू दारात दुकान मांडलंयस. तुझे वडील असं कधी बसले नाहीत."

मी उठलो. सिग्नल गेला. आई आत वीस मिनिटं. ब्याऐंशी वर्षांची बाई, घाई कर म्हणणार कोणत्या तोंडाने?

संध्याकाळी पाचला अडतीस टक्के. आणि तिथे एक चमत्कार सुरू झाला. चांगलं चालू असायचं, मध्येच ठप्प, दोन मिनिटांनी पुन्हा चालू. मग पुन्हा ठप्प. मी वेळा टिपून ठेवल्या, सवयच ती. पाच दहा, पाच बावीस, पाच सदतीस. मुलीने तो कागद बघितला, स्वयंपाकघराकडे बघितलं आणि म्हणाली, बाबा, आई मायक्रोवेव्ह लावते तेव्हा बंद पडतंय. आणि खरंच! बायको दूध गरम करते आणि माझा पुरावा हवेत लटकतो. म्हणजे पाणीसाहेब सुटणार की नाही हे आता दुधावर ठरणार. मी जाहीर केलं, सोमवार सकाळपर्यंत या घरात काहीही गरम होणार नाही. बायको म्हणाली, बरं.

मग वेग इतका कमी का? मुलीने राउटरवरची यादी काढून दिली, आमच्या नेटवर कोण कोण बसलंय त्याची. अकरा जण! आम्ही चौघं, यंत्रं अकरा. तुम्हाला सांगतो, माझ्यातला बातमीदार जागा झाला. मी सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं आणि चौकशी लावली. मुलीचे दोन फोन निघाले, दुसरा कधी घेतला हे मला त्या दिवशी कळलं. वॉशिंग मशीन निघालं. वॉशिंग मशीन नेटवर काय करतं? कोणाला माहीत नाही. आईकडे टॅब, ती मावशीशी व्हिडिओवर बोलते, रोज तीन तास, कॅमेरा छताकडे. मावशीला गेली दोन वर्षं आमचा पंखा दिसतोय. मी म्हटलं, आई, दोन दिवस नेट वापरू नकोस. आई म्हणाली, "मी कुठे नेट वापरते? मी तर बोलते."

आणि अकरावं यंत्र घरातलं नव्हतंच. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांचा टीव्ही! त्यांचं नेट तीन महिन्यांपूर्वी दोन दिवस बंद होतं, तेव्हा आमच्याकडून पासवर्ड गेला होता, त्यानंतर त्यांनी स्वतःचं नेट बंदच करून टाकलं. मी जिना चढून गेलो, भांडायच्या तयारीने, वाक्यं जुळवून. ते सोफ्यावर बसून पेंग्विन बघत होते. अतिशय सज्जन माणूस. म्हणाले, "तुमचं आहे होय? मला वाटलं ते हवेत असतंच." आता याच्याशी काय भांडणार? टीव्ही बंद करायची विनंती करून खाली आलो. ते म्हणाले, पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की लगेच करतो. म्हणजे माझं सगळं अडलं कोणावर, तर पेंग्विनच्या पिल्लावर.

रात्रीचं काही सांगत नाही. स्टुलावर झोपता येतं, एवढंच सांगतो.

रविवारी सकाळी साडेनऊला एकाहत्तर टक्के. मी दात घासायला वळलो, बाथरूम मागेच होतं, वळलो आणि परत वळलो, तर शून्य रेघा. राउटरवरचे सगळे दिवे गेले. मदतकेंद्राला फोन. आधी गाणं. मग बाई. इतकी गोड बाई की ऐकणाऱ्याला राग यावा. "आपली अडचण आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे, सर, आपण राउटर बंद करून चालू केलात का?" मी म्हटलं, तो आपोआपच बंद झालाय, बंद झालेला बंद कसा करू? "समजू शकते सर. तरी एकदा बंद करून बघा." मी म्हटलं, बाई, तुमचं पद काय, हे तुम्ही कंपनीच्या वतीने बोलताय का, मी हे छापू शकतो. आवाजात काही फरक नाही. "जरूर सर. आपल्या माहितीसाठी सांगते, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

होऊ दे म्हटलं! आणि मग मी जे बोललो, अकरा मिनिटं, ते इथे सांगण्यासारखं नाही. आईने टॅबवर मावशीला सांगितलं, त्याला बरं नाहीये.

दिवे आले. पट्टी पुन्हा शून्यावर. खाली बारीक अक्षरांत, आधीचं तपासत आहे. म्हणजे एकाहत्तर टक्के जे गेलं ते खरंच गेलं का, हे तोच तपासणार, स्वतःच पाठवणार, स्वतःच तपासणार, आणि स्वतःच अहवाल देणार. असली चौकशी समिती आम्ही अग्रलेखात सोलून काढतो हो! आणि मी काय करत होतो? हात जोडून स्टुलावर बसलो होतो. डिस्क कर्र करायची. मी तिला समजावत होतो, बाई, आजचा दिवस काढ, एवढा आजचा दिवस. मुलीने त्याचा फोटो काढला. आता तो नातेवाइकांच्या ग्रुपवर आहे.

दुपारी ब्याऐंशी. चारला त्र्याण्णव. घरात थंड जेवण, थंड दूध, प्राध्यापक पायजमा-बनियनमध्ये जिन्यात उभे, झालं का म्हणून विचारतायत, पेंग्विनचा दुसरा भाग अडलाय. पाच अडतीसला नव्व्याण्णव. आणि पाच चाळीसला... हिरवी बरोबरची खूण! 'बॅकअप यशस्वी. शंभर टक्के.'

काय सांगू तुम्हाला, मी रडलो. थोडंसंच. बायकोने मायक्रोवेव्ह लावला.

सहाला डॉक्टर आला. जुनी डिस्क काढली, तळहातावर ठेवली. एवढीशी, वहीच्या पानाच्या घडीएवढी. मी म्हटलं, ही घराबाहेर जाणार नाही. तो म्हणाला, साहेब, मी कुठे नेतोय, पण मोडीत देतात सगळे. मी म्हटलं, हिच्यात एका माणसाची भाकरी आहे. वॉल्व्हवाल्याचा आवाज आहे हिच्यात, मोडीतून कोणाच्या हातात गेली, कोणी उघडली, तर तो माणूस कामावरून जाईल. मी हातोडी आणली. आणि बायको पुन्हा दारात.

म्हणाली, "अहो, फोडण्याआधी पेटीत एकदा बघून घ्या ना, ते आलंय की नाही."

मंडळी, इथे मी तुम्हाला हात जोडून सांगतो. बत्तीस वर्षं! एका तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्या तोंडाकडून खात्री करायची, मंत्री असो की शिपाई, आपली आई जरी म्हणाली की माझं तुझ्यावर प्रेम आहे तरी शेजारी विचारून यायचं, हे मी शिकवतो! आणि मी बायकोला काय म्हणालो? "शंभर टक्के म्हणतोय ना तो." डॉक्टर म्हणाला, "वहिनी, सगळं येतं त्यात." आणि मी हातोडी घातली. एक, दोन, तीन, सात वेळा घातली. आतली ती चकचकीत तबकडी काचेसारखी फुटली, मी तुकडे गोळा केले, अर्धे या केरात, अर्धे त्या केरात. फार समाधान वाटलं. चोख काम. वॉल्व्हवाल्याला फोन करून सांगितलं, तुमचं नाव आता माझ्यापाशीच, निश्चिंत राहा.

सोमवारी सकाळी पावणेदहाला कार्यालयात नवी डिस्क घातलेला लॅपटॉप उघडला, पेटी बरोबर नेली होती, ती तिथल्या राउटरला जोडली. आणि बघतो तर... आहे! सगळं आहे! लग्नाचे फोटो आहेत. मुलीचा तिसरीतला निबंध आहे. मावशीसाठी काढलेले पंख्याचे एकसष्ट फोटो आहेत, कोणी काढले देव जाणे. दोन हजार अकरा सालचा एक हवामानाचा अंदाज आहे. ज्या प्रिंटरला मी स्वतः रद्दीत घातलं त्याचं सूचनापुस्तक आहे, नऊ भाषांत. टेम्प नाही.

पुन्हा बघितलं. नाही. उलट्या क्रमाने बघितलं. नाही. मग अहवाल उघडला, तो हिरवी खूणवाला. पहिली ओळ, यशस्वी, शंभर टक्के. शेवटची ओळ, अगदी तळाशी, आमच्या अंकात आम्ही छापतो ना मुद्रकाचं नाव, तेवढ्या अक्षरांत... 'वगळले: एक.'

डॉक्टरला फोन. मी ओरडलो नाही. त्याने शांतपणे विचारलं, फोल्डरचं नाव काय होतं? मी सांगितलं. मग म्हणाला, "अहो साहेब, टेम्प नावाचं काही तो घेत नाही. तो केर असतो ना. केर कोण बॅकअपला घेतं?"

मी म्हटलं, तुम्ही म्हणालात, सगळं येतं त्यात.

तो म्हणाला, "सगळं म्हणजे कामाचं सगळं."

अकरा वाजता संपादकांची खोली. संपादक, पाणीसाहेब, त्यांचे वकील, आणि मी, हातात काळी पेटी घेऊन, शाळेत डबा धरून उभा असल्यासारखा. संपादक म्हणाले, ऐकवा. मी जे घडलं ते सांगितलं. खरं सांगितलं, वायफाय, मायक्रोवेव्ह, पेंग्विन, हातोडी. वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. विचारलं, "म्हणजे पुरावा होता, पण तुम्ही तो स्वतः हातोडीने फोडलात?" होय. "सात वेळा?" होय.

पाणीसाहेब माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं, की ते बोलले होते, सहाव्या मिनिटाला, पाठदुखीनंतर. पण ते फक्त एवढंच म्हणाले, माझा फोन नेहमी असाच आहे, लोक काहीही ऐकतात.

संपादक चांगला माणूस आहे हो. बारा वर्षं माझ्या पाठीशी उभा राहिलाय. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि हळू विचारलं, "दुसरा कोणी आहे का, जो येऊन सांगेल? एक माणूस पुरे."

होता. एक माणूस होता. तीन अर्ज स्वतःच्या हाताने लिहिलेला. पाच मिनिटांत आणला असता. पाणीसाहेब पुढे झुकले, अगदी जरासे, त्यांनाही ते नाव हवं होतं.

मी म्हटलं, नाही. कोणी नाही.

माफी बुधवारी छापून आली. पहिलं पान, डावीकडे खाली, चौकटीत, माझ्या नावानिशी. एकतीस शब्द. मीच लिहिली, दुसऱ्याला लिहू दिली नाही, मजकूर स्वच्छ असावा म्हणून. दुपारी वॉल्व्हवाल्याचा फोन आला. म्हणाला, साहेब, वाचलं, माझं नाव नाही कुठं, बरं झालं. मग म्हणाला, तुमचं मात्र आलं.

डॉक्टरला मी विचारलं, ही केर वगळायची अट घातली कोणी? तो म्हणाला, मी नाही, ती आधीपासून असते. पेटीच्या कंपनीला पत्र लिहिलं, त्यांनी कळवलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मदतकेंद्राकडे माझी अकरा मिनिटं आहेत, शिव्यांसकट, ती जपून ठेवलेली असतील, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रशिक्षण वर्गातल्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोन करून विचारलं, सर, तुमच्या सांगण्यावरून मीही सगळं टेम्पमध्येच ठेवते, काही अडचण नाही ना? मी फोन ठेवून दिला. मग परत उचलला आणि तिला सांगितलं. किती जणांना सांगणार? पंधरा वर्षांचे वर्ग आहेत.

मी बायकोला म्हटलं, अगं, बोल काहीतरी. तर तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तोंडाला लावला आणि थांबलो. उजेडात धरून बघितला. म्हटलं, उकळलंयस ना?

कारण काल मी पुन्हा गेलो होतो टेकडीवर. शिडी चढलो नाही, परवानगी लागते आता, तशी पाटी लावलीय नवी. खालूनच बघितलं. पाटी आहे, कुंपण आहे, टाकीला निळा रंगसुद्धा दिलाय. झाकण दुरुस्तीला गेलंय म्हणाले होते, ते कुठल्या दुकानात गेलंय, कधी येणार, कोणी नेलं, हे मी खात्याला लेखी विचारलं, दोनदा, पोच आहे माझ्याकडे. उत्तर नाही. कावळे वर बसलेले असतात, वारा सुटला की झाडांचा पाला थेट आत जातो, पाणी रोज सकाळी सहाला सुटतं...

आणि सगळं येतं त्यात.